जिन्याखालच्या गाडीचं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे, मित्रांनो. दाराचं नाही, तिजोरीचं तर मुळीच नाही. एका जुन्या मोटरसायकलच्या हँडलखाली माझी जागा. मी लागलो की हँडल डावीकडे वळून घट्ट बसतं. मग चोराने ढकलावी गाडी आणि फिरावं गोल गोल, घाण्याच्या बैलासारखं.

कारखान्यात आम्ही तिघे भाऊ एकदमच घडलो. थोरला दिव्याजवळचा, गाडी सुरू करणारा. मधला पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातला. धाकटा मी. पोटात किल्लीच्या दात्यांशी जुळणाऱ्या पितळी पत्त्या आणि तिघांना मिळून किल्ली एकच. थोरला मिरवायचा, मी वाकल्याशिवाय कुणाला दिसायचो नाही. पण राखण माझी, हे मालक जाणून होता. महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब माझ्या तोंडात घालून म्हणायचा, "तू आहेस म्हणून मला झोप लागते." तसं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी मालकाला दूरच्या गावी काम लागलं. त्याच्या आईला ते पटलं नाही. बाई मोठी करारी, जिभेला हाड नाही, सगळी गल्ली वचकून असायची. मालकाची बायको तेव्हा माहेरी होती. निघायच्या सकाळी किल्ली खुंटीवर नव्हती. त्याने गाद्या उलटल्या, डबे उपसले.

"गाडीशिवाय जाशील कुठे?" आई म्हणाली.

"पाय आहेत ना मला," तो म्हणाला आणि पायीच गेला. वळणापर्यंत त्याची पावलं मी ऐकली. मग ना पत्र, ना निरोप.

सून परतली तेव्हा आई म्हणाली, "गेला. किल्ली खिशात घालून गेला." त्या एका वाक्यावर सुनेने अकरा वर्षं काढली. विचारणाऱ्याला सांगायची, "किल्ली नेलीय, म्हणजे परत यायचं मनात आहे त्यांच्या." मला काय माहीत होतं ते मला माहीत होतं. पण तोंड बंद ठेवणं हाच कुलपाचा धर्म.

गाडी जिन्याखाली धूळ खात राहिली. चाकं बसली, भाऊ गंजले. आणि कुजबुज सुरू झाली. भर दुपारी, घर रिकामं असताना, जिन्याखालून 'खट्' असा आवाज येतो. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी शपथेवर सांगितलं, "सकाळी हँडल डावीकडे होतं. दुपारी जिना उतरले, तर सरळ!" मुलं तिथून धावत जायला लागली. मित्रांनो, मीही शहारायचो. किल्ली आत यायची, थरथरायची, फिरायची. हँडल सरळ व्हायचं. थोडा वेळ सगळं तसंच. मग कुणीतरी लांब श्वास सोडायचं आणि मला पुन्हा बंद करायचं.

पुढे सुनेला दूरच्या दवाखान्यात नोकरी लागली. "ही गाडी मी चालवणार," म्हणत तिने किल्लीवाल्याला बोलावलं. जुनं मॉडेल, म्हणून त्याने भंगार बाजार पालथा घालून तीन कुलपांचा जुळता सेट आणला होता.

आई आडवी आली. "कुलपं बदलायची नाहीत. तो आला तर त्याची किल्ली लागायला नको?"

"आजी, किल्ली नाही तर कुलपांचं काय लोणचं घालायचंय?" किल्लीवाला म्हणाला.

"आधी तुझ्या जिभेला घाल एक कुलूप!"

किल्लीवाला हसत बॅटरी घेऊन वाकला. थोरल्याच्या तोंडातून गंजाचा भुगा सांडला. मधला तर चिकटूनच बसलेला. मग माझ्यात डोकावला आणि हसायचा थांबला.

"ताई, यात गंजाचा कण नाही. पत्त्या चकचकीत आहेत. आठवड्याभरात किल्ली फिरलीय यात."

सून भिंतीला टेकली. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "म्हणजे ते येतात? दुपारी? आई, ते येऊन जातात आणि मला भेटत नाहीत?"

आईने कमरेची पिशवी सोडली. किल्ली बाहेर आली.

"तो नाही गं येत. मी येते."

सुनेचा चेहरा विझला.

"लपवली तर थांबेल, असं वाटलं मला. तू विचारलंस तेव्हा लाजेने भलतंच बोलून गेले. आणि तू तेच धरून बसलीस. कुठल्या तोंडाने सोडवू?"

"मग फिरवायचात कशाला?"

"हँडल सरळ झालं की वाटतं, निघाला तो. आणि या वेळी मी अडवत नाहीये."

किल्लीवाला उगाच कानस पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, नवा सेट बसवू?"

सुनेने सासूच्या हातातली किल्ली घेतली. "वरची दोन नवी बसवा. पण त्यांच्या पत्त्या या जुन्या किल्लीला जुळवा. हे खालचं राहू दे. आणि अशाच दोन किल्ल्या अजून करा."

नवी एक तिने स्वतः घेतली. दुसरी खुंटीवर अडकवली. जुनी सासूच्या हातात परत ठेवली. "यायचं तर या दुपारी. पण मला हाक मारून या."

गाडी दुरुस्त झाली आणि आता मी रोज सुनेबरोबर दवाखान्यात जातो. खुंटीवरची किल्ली अजून कुणी उचललेली नाही. मित्रांनो, कुलपाला महिन्याला तेलाचा थेंब द्या, आणि ज्याची किल्ली त्याच्या हाती द्या. जाणारा पायीसुद्धा जातो.

सुट्टीच्या दुपारी दोघी जिन्याखाली येतात. एक किल्ली लावते, दुसरी तिच्या हातावर आपला हात ठेवते. मी 'खट्' उघडतो. हँडल रस्त्याकडे सरळ होतं. मग आम्ही तिघंही वळणाकडे कान लावून बसतो.