खवल्यांतली लाख

पडद्यापलीकडची दोरी थांबली, तेव्हाच रहमतुल्लाने ओळखलं की आज पुन्हा त्या पत्राची गोष्ट निघणार.

"जोहरा पुसती," चुलीपाशी बसलेली त्याची बायको जैबुन्निसा म्हणाली, "पत्राला जबाब गेला का म्हून."

"ती हातभरावर बसलीय. मला आईकू येतंय की तिचं."

"मग काय जेठाशी तोंड वर करून बोलंल का? उद्या तुमीच चार घरी सांगाल, भावाची बायको लई शेफारली म्हून."

"खुशालीचं पत्र व्हतं. खुशालीला कसली घाई? जाईल जबाब."

"मागच्या उन्हाळ्यातलं पत्र हाय अवो. दुसरा उन्हाळा आला."

रहमतुल्लाने पटाशी उचलून खरादाच्या खुंटावर ठोकली. म्हणजे बोलणं संपलं, काम सुरू. दोरी पुन्हा मागेपुढे होऊ लागली, पण तिला रोजचा ताल नव्हता. हिसके होते. लाटण्याच्या मुठीवर नको तिथे चरा पडला आणि रहमतुल्ला स्वतःशीच पुटपुटला, "मुद्दाम करती. मुद्दाम."

जुन्नरच्या बाजारात लाखेने रंगवलेले लाकडी खुळखुळे, भोवरे, करंडे आणि लाटणी घ्यायची तर रहमतुल्ला खरादीकडेच, असं लोक म्हणत. खराद म्हणजे तरी काय? जमिनीत पुरलेले दोन खुंट, त्यांच्या टोकांत धरलेलं लाकूड, आणि लाकडाला वेढा दिलेली दोरी. एकाने दोरी ओढायची, लाकूड फिरवायचं. दुसऱ्याने त्यावर पटाशी धरायची. हे दोघांचं काम. एकाचा हात चुकला की दुसऱ्याचा माल गेला. पूर्वी ही दोरी धाकटा वजीर ओढायचा. तो घर सोडून गेल्यावर बाहेरचा माणूस ठेवणं परवडेना, म्हणून त्याच्या बायकोने, जोहराबीने, दोरी हाती घेतली. जेठाच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, समोर बसायचं नाही म्हणून मधे पडदा आला. पडद्याखालून दोरी तेवढी इकडे यायची. अशी कित्येक वर्षं दोघांनी एका लाकडावर काम केलं होतं, आणि एकमेकांशी शब्द बोललेले नव्हते.

वजीर गेला तो प्लेगच्या सालानंतर. गाव रिकामं करून सगळे शेतातल्या झोपड्यांत राहिले होते, तिथेच बाप वारला. परत आल्यावर वजीर म्हणाला, आता मीही पटाशी धरणार. रहमतुल्लाने गिऱ्हाइकांच्या देखत उत्तर दिलं, "दोरी वडणाऱ्यानं दोरी वडावी." दुसऱ्या दिवशी वजीर नव्हता. पुढे कळलं की तो पार उत्तरेला, डोंगरातल्या गोऱ्यांच्या छावणीत, सुताराच्या हाताखाली लागलाय.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात एकदम पत्र आलं, आणि पत्राच्या मागोमाग पोतं. कुणा मुन्शीकडून लिहवून घेतलेलं पत्र रहमतुल्लाने अक्षराला अक्षर जोडून वाचलं होतं. वजीरने लिहिलं होतं:

'इथं चीड नावाची झाडं आहेत. त्यांची बोंडं पाठवतो आहे. लाकडासारखी टणक आहेत. इथल्या मडमांना अशा चिजांचा फार शौक आहे, पण लाखेचं काम इथं कुणाला येत नाही. ही बोंडं तुझ्या खरादाला लागली तर तसं लिही. मी इथंच राहीन, पोती धाडत जाईन, तू घडवशील ते इथं विकत जाईन. नाही लागली तर तसं लिही. मग इथं थांबून करू काय? घरी येईन. जोहराला सांगू नकोस, उगाच आस लावून बसेल.'

रहमतुल्लाने पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. सरळ बोलणाऱ्याचं त्याला नेहमी भय वाटे. सरळ बोलण्याच्या तळाशी काय असेल ते दिसत नाही. 'लागली' लिहावं, तर उद्या हा धनी आणि मी त्याचा कारागीर. 'नाही लागली' लिहावं, तर हा दारात उभा, आणि म्हणेल खराद बापाचा होता, अर्धा माझा. दोन्हीकडून दोरी त्याच्याच हातात! शिवाय मुन्शीने काय मनाचं घातलंय कोण जाणे. आणि जोहराला सांगू नकोस असं लिहिलंय, म्हणजे तिला दुसऱ्या वाटेने कळवलेलं असणार.

त्याने पत्र लाखेच्या डब्याखाली सरकवलं आणि घरात खुशालीचं आहे एवढंच सांगितलं.

पोतं आणलं होतं अवसरी बुद्रुकच्या हौशीरामने. पुण्याहून नारायणगावमार्गे त्याची बैलगाडी येई. पोत्याला हात लावायलाही तो तयार नव्हता. काठीने ढकलतच त्याने ते ओट्यावर लोटलं होतं.

"रहमतभाय, काय मागिवलंय हे? खवलं हाईत त्याला! मासं म्हणावं तर वास न्हाई. बैलं बुजली माझी."

"झाडाचं बोंड हाय. भावानं धाडलंय."

"आसंल बाबा. पर आमच्या गावात म्हणत्यात, पोत्यातनंच येतो प्लेग. आठ रोज उन्हात टाका, न् मग घरात घ्या. भाऊ तुमचा हाय, पोतं काय तुमचा भाऊ न्हाई."

गल्लीचंही तेच म्हणणं पडलं. पोतं उन्हात पडलं. उन्हाने एकेक बोंड उमललं, खवले बाहेरच्या बाजूला वळले, आणि पाहणाऱ्यांचा संशय आणखीच वाढला. सुकल्यावर उमलणारं फळ कुणी पाहिलं होतं?

रहमतुल्लाने त्यातलं एक खरादावर चढवलं. दोरी फिरली, पटाशी टेकली, आणि बोंडाच्या चिरफळ्या उडाल्या. एक खवला गालात रुतला. दुसरं चढवलं, तेही फुटलं. तिसऱ्याच्या वेळी त्याने बायकोकरवी दोरी हळू ओढायला सांगितली. ते जरा जास्त वेळ टिकलं आणि मग फुटलं. तेव्हा त्याची खात्रीच झाली. याला ठाऊक होतं. खरादावर टिकणार नाही असंच काहीतरी हुडकून धाडलं, गल्लीसमोर माझं हसं करायला. त्याने पोत्याचं तोंड बांधून ते माळ्यावर टाकलं. जबाब राहिला तो राहिला.

आज लाटण्यावर चरा पडला तेव्हा मात्र त्याला राहवेना. दुपारी दोघी जावा ओढ्यावर धुण्याला गेल्याचं पाहून तो माळ्यावर चढला. पोतं तिथेच होतं. पण गाठ त्याची नव्हती. तो शेवट आत खोचून गाठ मारी. ही नुसतीच आवळलेली होती.

"चोरी," तो हळूच म्हणाला, आणि त्याला जवळजवळ बरं वाटलं. इतके दिवस ज्याचा वास येत होता ते एकदाचं हाताला लागलं होतं.

दोघी परतल्या तेव्हा तो दारातच बसला होता.

"पोतं कुणी उघाडलं?"

"कुठलं पोतं?" जैबुन्निसा म्हणाली.

"तू न्हाईस. मला ठावं हाय तू न्हाईस. बोंड कुठं गेलं? कुणाच्या हाती धाडलं? हौशीरामाच्या गाडीतनं?"

"अवो, येड लागलं का? बोंड कोण कुणाला धाडंल?"

ओल्या कपड्यांची टोपली खाली ठेवून जोहराबी आत गेली. बाहेर आली ती हातात फडक्याची पुरचुंडी घेऊन. पदर कपाळापर्यंत ओढलेला होता. जैबुन्निसाकडे न पाहता, मधे कुणालाही न घालता, ती थेट त्याच्याशी बोलली.

"मी घेतलं, भाईजान. येकच घेतलं."

रहमतुल्लाला हा आवाज रोज पडद्याआडून कुजबुजताना ऐकू येई. इतक्या जवळून तो वेगळाच लागला. त्याने पुरचुंडी सोडली. आत बोंड होतं, पण निराळं. खवल्यांमधल्या एकूण एक फटी लाखेने भरलेल्या होत्या. कुठे लाल, कुठे पिवळी, कुठे हिरवी. खरादाखाली रोज झाडून काढायचं लाखेचं तूस होतं ते.

"हे काय केलंस?"

"रोज येक खवला गळायचा. हात लावला की गळायचा. माझ्यापाशी त्यांचं दुसरं काय हाय? म्हून निखाऱ्यावर धरून लाख वतली. आता गळत न्हाई."

रहमतुल्लाने बोंड हाताने तोललं. नखाने टिचकी मारली. आवाज भरीव आला. त्याने पुन्हा टिचकी मारली. मग तो उठला आणि खरादापाशी जाऊन बसला.

"न्हाई!" जोहराबी म्हणाली. "भाईजान, ते फोडू नका. बाकीचं सगळं पोतं फोडा."

"फुटलं तर माझ्यावर थुंक," तो म्हणाला. "दोरी धर. तूच धर. हळू वाटलं तर हळू, जलद वाटलं तर जलद. तुझं बोंड हाय."

ती बराच वेळ उभी राहिली. तिचा भरवसा बसत नव्हता, हे त्याला दिसत होतं, आणि का बसत नव्हता तेही त्याला ठाऊक होतं. शेवटी ती पडद्यामागे गेली. दोरी ताणली गेली.

बोंड फिरलं. पटाशी टेकली, आणि फुटण्याऐवजी त्यातून लाखेची आणि लाकडाची बारीक साल निघू लागली. खवल्यांची टोकं गेली, त्यांची कापलेली तोंडं वर आली: तपकिरी डोळे, प्रत्येक डोळ्याभोवती लाखेची रंगीत कड, एकावर एक चढत गेलेले. तितर पक्ष्याच्या छातीवर असतात तशी वेलबुट्टी. ती कुणी काढलेली नव्हती. ती आतच होती, हात फक्त तिथवर पोचला होता. दोरीला आज हिसका नव्हता. पटाशी उचलली की दोरी तिकडे सैल व्हायची, टेकली की ताणायची, न सांगता.

त्याने आत पोकळी कोरली, वर झाकणाला इवलीशी मूठ काढली, केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणली. एवढीशी सुरमेदाणी झाली. जैबुन्निसाने ती ओट्यावर उजेडात नेली, आणि नेमका त्याच वेळी हौशीराम गाडी लावून आला.

"आरं माझ्या राजा!" तो म्हणाला. या खेपेला त्याने काठी वापरली नाही. "ह्यो त्योच मासा? रहमतभाय, पुण्याच्या कॅम्पात मडमा याच्यासाठी येकमेकीच्या झिंज्या वढत्याल. सगळं पोतं करा. न्यायचं काम माझं."

रहमतुल्लाने सुरमेदाणी परत मागून घेतली. आयुष्यात त्याच्या हातून असं काही उतरलं नव्हतं, बापाच्या हातूनही नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

हौशीराम गेल्यावर जोहराबी दारामागून म्हणाली, "आता लिवाल ना त्यांना? जमलं म्हून लिवा. मग ते येतील."

"जमलं म्हटल्यावर का येतील?"

"त्यांची चीज तुमच्या कामाला लागली. आता तुमी त्यांना न्हाई म्हणणार न्हाई."

त्याने मान वर केली नाही. म्हणजे ती इतकी वर्षं असं धरून बसली होती की दार त्याने लावलंय, आणि काहीतरी भारी किमतीचं दिल्याशिवाय ते उघडणार नाही. वजीरच्या पत्रात काय होतं ते तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. कुठल्याही वाटेने कळवलेलं नव्हतं. जमलं म्हटलं तर वजीर तिकडेच राहणार होता, हे या घरात फक्त त्यालाच माहीत होतं.

सकाळी त्याने टपालाचं कार्ड आणलं आणि ओट्यावर बसून वळणावळणाची अक्षरं काढली. लिहायला फार वेळ लागला. मजकूर थोडाच होता:

'वजीर, बोंडं खरादावर टिकत नाहीत. पुष्कळ करून पाहिलं, माझ्या हाताला जमलं नाही. तू ये. खराद दोघांचा आहे. जोहरा वाट बघते. — रहमतुल्ला.'

मग त्याने बायकोला हाक मारली. "माळ्यावरचं पोतं काढ न् न्हाणीच्या चुलवणात घाल."

"सोन्यासारखी बोंडं जाळू? काल तर तुमीच..."

"पाणी चांगलं तापतं त्यानं. घाल म्हणतो ना."

सुरमेदाणी त्याने पडद्याखालून पलीकडे सरकवली. "ठेव. पर वजीर आला तर त्याला दाखवू नको. कंदीच दाखवू नको."

"बरं," ती म्हणाली. का, म्हणून विचारलं नाही. मग जमिनीवरून काहीतरी हळूच उचलल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ एक दबलेला आवाज. तो हसण्याचा होता की रडण्याचा, ते रहमतुल्लाला कळलं नाही, आणि त्याने ते धुंडाळलंही नाही.

टपाल कचेरीत जाऊन त्याने कार्ड पेटीत टाकलं. टाकल्यावर फटीत बोटं घालून पाहिली. मग टपाल निघेपर्यंत तो समोरच्या पायरीवर बसून राहिला. शिपायाने पेटी उघडली, कागद पिशवीत भरले, पिशवी टांग्यात टाकली.

"काय खरादी," शिपाई म्हणाला, "सरकारवर बी भरवसा न्हाई?"

"न्हाई," रहमतुल्ला म्हणाला.

टांगा निघाला. वेशीपर्यंतच्या रस्त्यावर धुरळा उडाला आणि पुन्हा बसला. तो उठला, आणि घराकडे वळण्याऐवजी टांग्याच्या मागोमाग चालू लागला, खाली बघत. वाटेत कुठे एखादं कार्ड पडलं तर नाही ना, ते पाहत.