मुक्यावर खांब

सासूबाईंनी त्याच्या हातातलं विणकाम काढून घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं आणि दोरा ओढायला सुरुवात केली. सरसर करत दोन ओळी उसवल्या. सकाळचा दीड तास होता तो.

"आई, अहो..."

"चुकलंय, जावईबापू." त्यांनी उरलेला तुकडा आणि क्रोशाची सुई त्याच्या मांडीवर ठेवली. "मुक्या टाक्यावर मुका टाका यायला हवा. खांबावर खांब. तुम्ही उलटं केलंत."

शेजारच्या स्टुलावरची वही उचलून त्याने सोमवारचं पान काढलं. तिथे त्याच्याच टोकदार अक्षरात लिहिलं होतं: मुक्यावर खांब, खांबावर मुका. आज बुधवार होता. त्याने पानाकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, आणि वही मिटून टाकली. सासूला पुरावा दाखवणारा जावई कुठल्या घरात सुखाने नांदलाय?

तो टर्नर होता. सव्वीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. केसाच्या जाडीचा फरकही त्याला खपत नसे, म्हणून कारखान्यात सगळे त्याला 'मायक्रॉन' म्हणत, आणि हळूहळू ते नाव घरापर्यंत आलं होतं. सव्वा महिन्यापूर्वी एक जड शाफ्ट पट्ट्यातून निसटून त्याच्या पायावर आला आणि नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बायको ग्रंथपाल, ती साडेनऊला घराबाहेर पडायची ती सहाला परत यायची. मधल्या वेळात घरात दोघंच, तो आणि सासूबाई.

सासूबाईंनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण-विणकाम शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हापासून त्यांचं आणि त्याचं बोलणं 'चहा घेणार का' आणि 'पंखा वाढवू का' यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. लेकीने लेथवाल्याशी लग्न केलं हे त्यांनी गिळलं होतं, पण पचलं होतं की नाही, याचा त्याला कधीच अंदाज आला नव्हता. त्यामुळे सहाव्या आठवड्याच्या सोमवारी त्या राखाडी लोकरीचा गुंडा घेऊन समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नुसते छताकडे काय बघत बसता, शिका काहीतरी," तेव्हा तो इतका गोंधळला की नाही म्हणायचंच विसरला.

पहिला तास दोरा कुठल्या बोटावरून घ्यायचा यातच गेला. पोलाद कापणाऱ्या हाताला लोकर दाद देईना. साखळीचे वीस टाके घालताना त्याला घाम फुटला. मग त्यांनी दाण्याची वीण दाखवली. सगळ्यात सोपी, पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवायची ती. एक मुका खांब, म्हणजे बुटका टाका: सुई आत घालायची, दोरा ओढायचा, पुन्हा दोरा घेऊन दोन्ही फासांतून काढायचा. मग एक खांब, म्हणजे उंच टाका: आधी सुईला वेढा, मग आत, मग दोन-दोन करून बाहेर.

"बुटका, उंच, बुटका, उंच. पुढच्या ओळीत बुटक्याच्या डोक्यावर उंच आणि उंचाच्या डोक्यावर बुटका," त्या म्हणाल्या होत्या. "मग बघा कसे दाणे उठतात."

त्याने सवयीने वहीत त्याचं ड्रॉइंग काढलं होतं. मुक्याला टिंब, खांबाला उभी रेघ, चौकटीच्या कागदावर सहा ओळी. कोपऱ्यात कारखान्यात असतो तसा चौकोन: काढणार, तपासणार, मंजुरी, तारीख. गंमत म्हणून वही त्यांच्यापुढे धरली. त्या किंचित हसल्या होत्या आणि मंजुरीच्या रकान्यात, प्रगतिपुस्तकावर करावी तशी वळणदार सही केली होती.

आणि आज बुधवारी तेच चूक.

त्याने नवं पान घेतलं. टिंबावर टिंब, रेघेवर रेघ. वर लिहिलं, 'सुधारणा १'. सासूबाईंनी चष्मा नाकावर सरकवून ते नीट पाहिलं, बोटाने दोन ओळी मोजल्या आणि सही केली.

"आता कसं! इतकी वर्षं मुलींच्या डोक्यात हेच भरवलंय मी."

दुपारभर तो तसं विणत राहिला. दाणे उठेनात. तुकड्यावर नुसत्या उभ्या रेघा दिसत होत्या. आणि तुकडा वर जाताना अरुंद होत चालला होता, ती मात्र त्याची स्वतःची करामत. कडेचा टाका दर वेळी त्याच्या नजरेतून निसटत होता. वीसचे एकोणीस, एकोणिसाचे सतरा. कुठली चूक आपली आणि कुठली वहीची, हे त्याला उमगेना. आयुष्यात पहिल्यांदा समोर ड्रॉइंग होतं, हातात माल होता, आणि दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवायचा ते कळत नव्हतं.

संध्याकाळी बायकोने तो तुकडा उचलला आणि ती खो-खो हसली.

"हे काय आहे? टोपी की पायमोजा?"

"आई म्हणतात तसंच करतोय," तो म्हणाला. "पण त्या सोमवारी एक म्हणाल्या आणि आज दुसरंच."

"आई आणि विणकामात चुकणार? अरे, झोपेत विणते ती." बायकोने तुकडा त्याच्या छातीवर टाकला. "तुझंच लक्ष नसेल."

त्यालाही तसंच वाटलं. महिनाभर पडून राहिल्याने डोकं गंजलं असेल. किंवा सासूबाई मुद्दाम परीक्षा बघत असतील. किंवा, आणि हा विचार त्याला सर्वांत जास्त टोचला, त्यांना फक्त दाखवून द्यायचं असेल की तुमचे मायक्रॉन तिकडे कारखान्यात, इथे तुम्ही ढ.

शुक्रवारी सकाळी त्याने बारा ओळी पुऱ्या केल्या. प्रत्येक ओळीअखेर टाके मोजले, वीसच्या वीस. मुक्यावर मुका, खांबावर खांब, एकही चूक नाही. तुकडा मांडीवर ताणून धरला तेव्हा कडा फूटपट्टीसारख्या सरळ होत्या. त्याने हाक मारली.

सासूबाई पदराला हात पुशीत आल्या. तुकडा हातात घेतला. अंगठा त्यावरून फिरवला. कपाळाला आठी पडली.

"रेघा का आल्यात? दाणे कुठे आहेत?"

"आई..."

"अहो, मुक्यावर मुका कशाला घातलात? मुक्यावर खांब! पहिल्या दिवसापासून सांगतेय." आणि त्यांनी दोऱ्याचं टोक पकडलं.

"थांबा."

त्याचा आवाज वाजवीपेक्षा चढला होता. त्याने वही उघडली, दोन्ही पानं ओढून फाडली आणि स्टुलावर शेजारी शेजारी मांडली. हा सोमवार. हा बुधवार. दोन उलट ड्रॉइंगं आणि दोन्हींवर एकच वळणदार सही.

"आता बोला! मुक्यावर खांब घातला ते चूक, मुक्यावर मुका घातला तेही चूक. पण मंजुरी कोणाची आहे?"

तो हसत होता. तीन दिवसांचा गोंधळ एकदाचा त्याने चिमट्यात पकडला होता. सासूबाई हसतील, निदान 'फार शहाणे' म्हणतील, असं त्याला वाटलं होतं.

दोन्ही कागद त्यांनी उचलले. एक डोळ्यांजवळ नेला, मग दुसरा. मग खुर्ची चाचपत खाली बसल्या. त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

"सही माझीच आहे," त्या म्हणाल्या. बुधवारच्या कागदावर त्यांनी बोट ठेवलं. "ही केल्याचं मला आठवत नाही."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दोघांपैकी कोणीही उठलं नाही. त्याला तर उठताही येत नव्हतं.

"असेल, आई. माणूस विसरतं. मीसुद्धा परवा..."

"समजूत घालू नका." त्यांनी कागद पाठीला पाठ लावून एकत्र दुमडले, पुन्हा उलगडले. "गेल्या महिन्यात मी कोपऱ्यावरच्या दुकानातून निघाले आणि घर कुठल्या बाजूला ते समजेना. अर्धा तास उभी होते. लोकांना वाटलं, म्हातारी कोणाची तरी वाट बघतेय." त्या थांबल्या. "मग आठवलं. पण तेव्हापासून संशय होता. संशय मोजायचा कशाने?"

त्याने सुई स्टुलावर ठेवली.

"लेकीला शिकवलं असतं तर तिने एकदा बघून करून टाकलं असतं. ती लिहीत नाही. माझं चुकलं तरी ती स्वतःच सुधारून घेते, आईचा शब्द खाली पडू देत नाही. तुम्ही मात्र दुकानातून मीठ आणायचं तरी किती ते लिहून घेता." त्यांचा स्वर वर्गात धडा समजावून सांगावा तसा सपाट होता. "म्हटलं, जावयाला शिकवावं. मी बदलले, तर तुमच्या वहीत दिसेल."

"म्हणजे शिकवणं नुसतं निमित्त?"

"छे. शिकवतही होते." पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "तीस वर्षं शिकवलंय. निमित्ताला म्हणून शिकवता येत नाही मला."

इतके दिवस ज्या डोळ्यांत त्याने आपल्याविषयीचा कमीपणा शोधला होता, ते डोळे आता त्याच्या उत्तराची वाट बघत होते.

"यातली बरोबर कोणती?" त्यांनी दोन्ही कागद पुढे केले.

"मी कसं सांगणार? मी काल-परवाचा."

"तुम्हीच सांगा."

त्याने सुई उचलली. बारा ओळींचा तुकडा तसाच ठेवून बाजूला नवी साखळी घातली, वीस टाक्यांची. सोमवारचा कागद गुडघ्याखाली दाबून धरला. बुटका, उंच, बुटका, उंच. ओळ संपली की तुकडा फिरवायचा आणि उंचाच्या डोक्यावर बुटका. हात हळू चालत होता आणि सासूबाई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. चार ओळी झाल्यावर त्याने तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला, कडेपासून कडेपर्यंत. बारीक दाणे उठले होते, खडबडीत, एकमेकांना खेटून.

"हीच," त्या म्हणाल्या. "बोटांना ठाऊक आहे अजून."

मग डोळे उघडून म्हणाल्या, "लेकीला इतक्यात सांगू नका."

"सांगणार नाही," तो म्हणाला. त्यांनी सुस्कारा टाकला, तेवढ्यात तो पुढे बोलला. "तुम्ही सांगाल. मंगळवारी माझं प्लास्टर काढायचंय. बरोबर तुम्ही चला. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मेंदूचे डॉक्टर बसतात. त्यांना दाखवू. संध्याकाळी घरी आल्यावर तुम्ही स्वतः तिच्याशी बोला."

"आणि नाही बोलले तर?"

"तर मी बोलेन. मग ती तुमच्यापेक्षा माझ्यावर जास्त चिडेल."

सासूबाई उठल्या आणि आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला. शिट्ट्या किती झाल्या, ते दोघांनीही मोजलं नव्हतं.

मंगळवारी प्लास्टर काढायला आई बरोबर जाणार, एवढंच ऐकून बायकोला भलतीच गंमत वाटली. "तू आणि आई? रिक्षात? एकत्र? बोलणार काय दोघं?" तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकायची तयारी दाखवली, तर सासूबाईच म्हणाल्या, "राहू दे गं, मी आहे ना." ती निर्धास्त झाली. त्या रात्री जेवताना त्याला तिच्या डोळ्यांत बघवेना.

मंगळवारी हॉस्पिटलात गर्दी होती. तो कुबड्यांवर, सासूबाई हातात पर्स घट्ट धरून. खिडकीपलीकडच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

त्याने स्वतःच्या पायाकडे दाखवायला एक कुबडी उचलली.

"दोघं," सासूबाई म्हणाल्या.

कारकुनाने वर पाहिलं आणि दोन कागद सरकवले. भिंतीशी बाक होता. सासूबाईंनी स्वतःचा कागद स्वतःच भरायला घेतला. त्याने मदत करू का विचारलं, त्यांनी मान हलवली. नाव, वय, पत्ता. पत्त्यापाशी पेन अडलं. पण मग पेन चाललं, घर क्रमांकासकट. खालच्या रकान्यात सोबत आलेल्याचं नाव लिहायचं होतं, त्यापुढे त्याचं पेशंटशी नातं. नाव त्यांनी लिहिलं. नात्यापाशी त्या पुन्हा थांबल्या, त्याच्याकडे वळून क्षणभर बघितलं आणि लिहून टाकलं.

तो कागद घेऊन कुबड्या टेकत खिडकीशी गेला. कारकुनाने वरून खाली वाचलं आणि शेवटी त्याची नजर ठेचकाळली.

"इथे 'विद्यार्थी' लिहिलंय."

त्याने मागे पाहिलं. सासूबाई बाकावर ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर, समोरच्या भिंतीकडे बघत. चेष्टा केली होती, की खरंच चुकलं होतं, ते त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता.

"बदलायचं का?" कारकुनाने पेन उचललं.

"नको," तो म्हणाला. "राहू द्या."