गुरुवारचे गुलाब

रागिणीच्या घरचा फुलमळा अकोटजवळ होता आणि फुलांचं दुकान इंटरनेटवर. अकोल्यात एका खोलीत बसून ती ऑर्डरी घ्यायची. भाऊ योगेश मळ्यातून फुलं आणून घरोघरी पोचवायचा. रोजच्या पूजेचा एक प्लॅन होता, आणि आठवड्यातून एकदाच फुलं घेणाऱ्यांसाठी गुरुवारचा दुसरा, फक्त गुलाबांचा. सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा तिनं वेबसाइटवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पुढं काहीही बदललं तरी तुमचा प्लॅन तुमचाच राहील.’

२०१६च्या उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीनं तळ गाठला. गुलाब निम्म्यावर आला, तसा रागिणीनं गुरुवारचा प्लॅन काढून टाकला. नव्या गिऱ्हाइकांपुरताच की जुन्यांचाही, असं वेबसाइटनं विचारलं. तिनं जुन्यांचाही काढला. बारा जणांना ईमेल गेला: आठ दिवसांत रोजचा प्लॅन निवडा, नाहीतर फुलं थांबतील. फोन केले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण लोक भांडले असते. ईमेल कोणी उघडत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच तिच्या पथ्यावर पडणारं होतं.

फुलं थांबून महिना झाला, तेव्हा अमरावतीहून सईदाचा फोन आला. वडिलांसाठी गुरुवारचा प्लॅन तिनंच घेतला होता.

“ताई, अब्बाले फुलं भेटून राहिली ना? ते माहा फोनच उचलत नाहीत. शेजाऱ्यांपाशी म्हणाले, मायच्या कबरीवरची फुलंबी पोरीले जड झाली.”

“पाहून सांगते,” असं म्हणून रागिणीनं फोन ठेवला.

योगेशला पाठवावं असं क्षणभर वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटून ती एकटी मोर्णा नदीपलीकडं जुन्या शहरात गेली.

सईदाचे अब्बा अब्दुल रहीम म्हातारे शिंपी. ओट्यावर बसून बटणं लावत होते. फुलवाली म्हटल्यावर त्यांनी आतून खुर्ची आणली, पाणी दिलं.

“चार जुमेरात, चार गुरवार वाट पायली, बेटी. मले वाटलं, सईदानं बंद केलं.”

“त्यांनी नाही, चाचा. ते आमच्याकडून बंद झालं.”

“मंग कंप्युटरची गलती झाली असन,” म्हातारा समजुतीनं म्हणाला.

हो म्हटलं असतं, तर सुटका होती. पाण्याचा पेला रागिणीच्या हातात तसाच राहिला.

“गलती नाही, चाचा. मीच बंद केलं. आणि कोणाला कळू नये, असंच पाहिलं.”

अब्दुल रहीम यांनी सुई कापडात टोचून ठेवली, सईदाचा नंबर लावला आणि मोबाइल तिच्यापुढं केला.

“हे सईदाले सांग. माह्यासमोर सांग.”

तिनं सांगितलं. पलीकडून सईदा फक्त म्हणाली, “ताई, एक फोन तर करायचा होता.” म्हाताऱ्यानं मोबाइल घेतला नि भिंतीकडं तोंड करून लेकीला म्हणाला, “मी तुले लय वाईट बोललो, बेटा.” पुढचं ऐकायचा आपल्याला हक्क नाही, असं वाटून रागिणी पायरी उतरली. ‘जाऊ दे’ असं तिला कोणीच म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं बाकीच्या अकरा जणांना फोन लावले. गुलाब कमी येतील, पण गुरुवारी येतील, असं सांगितलं. दोघांनी नको म्हटलं. त्यांतल्या पार्वताबाईंनी मात्र तिला चांगलंच फैलावर घेतलं, आणि रागिणीनं ते शेवटपर्यंत मुकाट्यानं ऐकून घेतलं.