माझ्या पोटातला ‘हलकट’

मी एक जुना मराठी शब्दकोश आहे. मित्रांनो, वर्तकनगरच्या एका वसाहतीत सहदेव आजोबांच्या घरी मी राहतो. आजोबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, तेव्हा दिवसातून वीसदा माझी पानं चाळायचे. “कोशाला विचारल्याशिवाय मी सहीसुद्धा करत नाही,” असं चारचौघांत सांगायचे. माझी छाती फुगायची.

मग नातीनं, रसिकानं, त्यांना मोबाइल घेऊन दिला आणि माझे दिवस फिरले. आजोबा त्या चपट्या मेल्याला उशाशी घेऊन निजायचे. माझ्या डोक्यावर लोणच्याची बरणी! खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेजारचे आनंदा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी आणि आजोबांचे तीस वर्षांचे दोस्त. दोन्ही घरांच्या जादा चाव्या एकमेकांकडे असत. सकाळी फिरायला जाताना आनंदा पुढे सटकायचे. आजोबा पाठीत धपाटा घालून म्हणायचे, “हलकटा, थांब की!” दोघं खदखदून हसायचे.

एका सकाळी आनंदा पुन्हा पुढे सटकले, तेव्हा आजोबांनी तेच गमतीनं सोसायटीच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकलं, ‘आनंदा पक्का हलकट माणूस आहे.’

दुपारपर्यंत ऐंशी घरांत एकच कुजबुज, सेक्रेटरीनं किती पैसे खाल्ले? संध्याकाळी आनंदांच्या बायकोनं, लक्ष्मीकाकूंनी, आमची चावी टेबलावर आणून ठेवली.

मला आतून गुदगुल्या झाल्या. बरी जिरली मोबाइलची! बरणी उतरली, मी उघडलो. रसिकानं वाचलं, “हलकट : नीच, बेइमान, अब्रूची चाड नसलेला.”

“अगं, पण आम्ही रोजच म्हणतो ना!”

“आजोबा, तुम्ही हसत म्हणता. ग्रुपवर तुमचं हसू कुणाला दिसलं?”

आजोबा तसेच माफी मागायला गेले. “हे झोपलेत,” काकूंनी दारातूनच सांगितलं. सहाच वाजले होते. आत टीव्ही चालू होता.

परत येऊन आजोबा माझ्या उघड्या पानावर हात ठेवून बसले. बोट त्या एकाच शब्दावरून फिरत होतं. आणि मी? इतक्या वर्षांनी त्यांचा हात लागला म्हणून सुखावलो होतो.

मित्रांनो, तो शब्द चाळीस वर्षं माझ्या पोटात आहे. पण तो कुणाला लावावा, हे मला त्या क्षणी कळलं. मला झाडूनपुसून ठेवा, असं आज तुम्हाला विनवणार होतो. राहू द्या ती धूळ. कुणाच्या नावापुढे असा शब्द लिहिण्याआधी फक्त एकदा त्याच्या दारापर्यंत जाऊन या, दार उघडं आहे तोवर.