बाहेरून जोडलेलं कार्ड

बाबांनी उभं आयुष्य लिफ्टच्या दुरुस्तीत घालवलं, त्यामुळे त्यांची एक ठाम समजूत आहे: यंत्र चालत नसेल तर चूक माणसाची. त्या रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप पोट उघडून पालथा पडला होता. शेजारी लोखंडी चौकटीवर विटेएवढं जुनं ग्राफिक्स कार्ड उभं होतं. आणि बाबा त्या दोघांकडे आळीपाळीने असे बघत होते, जणू त्यांच्यातलं कोणीतरी खोटं बोलतंय.

"संध्याकाळी घर पाडतील गं."

"माहितीये मला, बाबा. सकाळपासून तेच ऐकतेय."

मी दातांच्या कवळ्या बनवते, म्हणून बारीक स्क्रू माझ्या वाट्याला आले होते. आणि बाबांची भुणभुणही.

जे घर पाडणार होते ते कुठल्या गल्लीत नव्हतं, गेममध्ये होतं. माझ्या धाकट्या भावाचं, टिल्लूचं. लहानपणी बुटका म्हणून टिल्लू. पुढे दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागला तरी नाव तेच राहिलं. गेल्या वर्षी मोटरसायकलवरून घरी येताना तो गेला. खिशातल्या फोनचाही चुरा झाला. मागे उरला हा लॅपटॉप, लॅपटॉपमध्ये तो गेम, आणि गेममध्ये नदीकाठी त्याने हौसेने बांधलेलं घर. तिथला नियम सरळ आहे. मालक महिनाभर दारातून आत आला नाही तर घर जमीनदोस्त, आणि जागा दुसऱ्याला.

"डोळे फुटतील, बंद कर तो डबा," म्हणून ज्यांनी टिल्लूचं डोकं खाल्लं, तेच बाबा तो गेल्यावर हा गेम शिकले. शिकले म्हणजे एवढंच: फाटक उघडायचं, अंगणातल्या झाडांना पाणी घालायचं, आत खिडकीशी ठेवलेल्या पेटीला वळसा घालून खिडकी उघडायची, आणि बाहेर यायचं. लढाया, खजिने, राक्षस, कशाकशाशी देणंघेणं नाही. एकदा टिल्लूच्या कुणा मित्राने तिथे हात हलवून 'कुठे असतोस रे?' असं विचारलं. बाबांनी एकेक अक्षर शोधत उत्तर टाइप केलं: 'कामात आहे.'

बाहेर कोणी विचारलं तरी बाबांचं तेच. "तो नाहीये सध्या." सध्या! मला त्या शब्दाचा भयंकर राग यायचा, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून काढून घ्यायची हिंमतही व्हायची नाही.

आईचा तर या घरावर दातच होता. ती कपडे आल्टर करते. आतल्या खोलीत तिचं मशीन दिवसभर चालू असतं. तिथूनच ती ओरडायची, "घाला पाणी खोट्या झाडांना! बाल्कनीतली खरी वाळली तरी चालतील." त्या स्क्रीनकडे तिने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आणि मग गेमवाल्यांनी गेम नवा केला. सगळं जास्त सुंदर, जास्त खरं वगैरे. बाबांनी नेहमीप्रमाणे बटण दाबलं तर पाटी आली, की या कॉम्प्युटरची ग्राफिक्सची ताकद कमी पडते, गेम उघडणार नाही. बाबांना आधी वाटलं, उद्या होईल. मग परवा. असं करत करत महिना सरत आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडायचं म्हटलं तर पासवर्ड टिल्लूच्या डोक्यात होता. तो या एकाच लॅपटॉपमध्ये साठवलेला, आणि बदलायचा तर कोड येणार त्याच्या फोनवर. मी गेमच्या मदत केंद्राला फोन करून, एका मैत्रिणीच्या भावाचं म्हणून, आडून आडून विचारलं. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. खातं माणसाबरोबर संपतं, म्हणाली. कळवलंत की आम्ही लगेच बंद करू. मी तिचे आभार मानून फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून तिला शिव्या दिल्या.

कोपऱ्यावरच्या लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला सगळे ऑलराइट म्हणतात, कारण तुमच्या मशीनमधून धूर निघत असला तरी तो "ऑलराइट" म्हणूनच सुरुवात करतो. त्याने सुचवलं की कार्ड बाहेर ठेवून लॅपटॉपला जोडता येतं. "याच्या आत वायफायची एक छोटी पट्टी असते. ती काढा, त्या खाचेत ही केबल खोचा, कार्डाला वेगळी वीज द्या. इंटरनेट मग वायरीने घ्या. ऑलराइट?"

बाबा हो म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. कारण हे त्यांनी आधी ऐकलं होतं. टिल्लू हेच मागत होता. "नवा लॅपटॉप नको बाबा, फक्त बाहेरून कार्ड लावू," म्हणत तो त्यांच्या मागे मागे फिरायचा, आणि बाबा म्हणायचे, "आधी नोकरीचं बघ, मग खेळण्यांचं." आता तेच खेळणं बाबांनी स्वतः जाऊन आणलं होतं, बाळासारखं छातीशी धरून.

तर, रविवार. मी वायफायची पट्टी काढली, केबल खोचली, इंटरनेटची वायर लावली. लॅपटॉप चालू केला. कार्डाचे पंखे फिरले, पण लॅपटॉपला कार्ड काही दिसेना. पुन्हा उघडलं, पुन्हा खोचलं. या वेळी स्क्रीन काळीठिक्कर. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

"नाही होणार हे, बाबा," मी शेवटी म्हणाले. "मी हात टेकले."

"होणार नाही म्हणजे?" ते इतक्या मोठ्याने ओरडले की आतलं मशीन क्षणभर थांबलं. मग एकदम मवाळ होऊन म्हणाले, "कार्डाला आधी वीज दे. ते जागं होऊ दे. मग लॅपटॉप. लिफ्टमध्येसुद्धा कंट्रोल पॅनेलला आधी वीज देतात, मोटरला नंतर."

दिली. लॅपटॉप चालू केला आणि कोपऱ्यात कार्डाचं चिन्ह आलं. बाबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मी गेमचं बटण दाबलं. या वेळी ती पाटी नव्हती. दुसरीच होती.

'तुम्ही या कॉम्प्युटरवरून पहिल्यांदाच येत आहात. तुमच्या फोनवर पाठवलेला कोड टाका.'

मला आधी उमगलंच नाही. मग मी पाटी पुन्हा वाचली. ओळख राहावी म्हणून आम्ही याच लॅपटॉपला चिकटून बसलो होतो, आणि त्याच्यातलं एक काढून आणि दुसरं कोंबून तो एवढा बदलून टाकला होता की गेमने त्याला ओळखलंच नाही. सगळं पूर्ववत करावं, तर गेम उघडणार नाही. राहू द्यावं, तर कोड हवा.

"कुठे गेला कोड?" बाबांनी विचारलं.

"टिल्लूच्या फोनवर."

बाबा खुर्चीत बसले. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला, त्यात अजून 'टिल्लू' म्हणून असलेला नंबर लावला आणि स्पीकरवर ठेवला. नंबर बंद असणार, असं मला वाटलं होतं. तो वाजला.

"हॅलो?" एका बाईचा आवाज. मागे लहान मूल रडत होतं.

नंबर फोन कंपनीने दुसऱ्या कुणाला दिला होता. साधी गोष्ट, देतातच. पण बाबांची बोबडी वळली. मीच घाईघाईने बोलले, "ताई, माफ करा, तुमच्या फोनवर आत्ता एक कोड आला असेल, तो जरा सांगता?"

"पोलिसांत देईन," बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तिचं चुकलं नव्हतं. कोड कुणालाही सांगू नका, हे त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. मी परत लावला, तिने कापला. परत लावला, परत कापला. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून घसरून जमिनीवर गेलं होतं.

पुढच्या वेळी तिने फोन उचलला तो भांडायलाच. पण बाबा आधी बोलले.

"बाई, ठेवू नका. पाया पडतो. हा नंबर माझ्या मुलाचा होता. तो..." ते थांबले. मी टेबलाची कड घट्ट धरली. "तो मेला. माझा मुलगा मेला हो. त्याचं एक घर राहिलंय, ते आज पाडतायत."

आतल्या खोलीतलं मशीन बंद झालं.

पलीकडे नुसतं मूल कुरकुरत होतं. मग बाई हळू आवाजात म्हणाली, "काका, माझ्या मावशीला असंच रडून लुटलंय कोणीतरी. मी कसा विश्वास ठेवू, तुम्हीच सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरं, एक विचारू?" ती म्हणाली. "या नंबरवर अधूनमधून एक फोन येतो. कोणी बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. ते तुम्ही का?"

हो म्हणून टाका, मी खुणेने सांगितलं. बाबांनी मान हलवली. "नाही हो. मी आज पहिल्यांदाच लावला."

"ती मी."

आई दारात उभी होती, गळ्यात टेप, बोटात अंगुस्तान. ती टेबलापाशी आली आणि फोनवर वाकून, एखादी चोरी पकडली गेल्यासारखं म्हणाली, "मी करते तो फोन. आधी बंद लागायचा. मग एक दिवस वाजला, आणि तुम्ही उचललात. मला काय बोलावं सुचलं नाही. पण वाजतो ना. म्हणून करते."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मीही. वर्षभर एका घरात राहून आम्हा तिघांना एकमेकांचं काही ठाऊक नव्हतं.

"तुमच्या नंबरचे शेवटचे आकडे सांगा," बाई म्हणाली.

आईने सांगितले. "हो, तोच," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ब्लॉक करणार होते मी. पण वाटलं, कोणीतरी अडचणीत असेल. आधीचा कोड गेला, काकी. नवा मागवा. मी वाचते."

ती वाचत गेली, आई मोठ्याने म्हणत गेली, मी टाकत गेले. कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागले आणि स्क्रीन उजळली.

बाबांनी फाटक उघडलं. आत पाऊल पडताच वरच्या कोपऱ्यात घर सुरक्षित असल्याची खूण आली, पण तिकडे कोणी पाहिलं नाही. आतापर्यंत आम्ही बघायचो ते घर म्हणजे राखाडी ठोकळे होते. लॅपटॉपला तेवढंच झेपायचं. आता भिंतीवर विटा होत्या. नदीवर ऊन हलत होतं. झाडाचं पान न् पान वेगळं दिसत होतं. बाबा सवयीने पेटीला वळसा घालून खिडकीकडे निघाले.

"थांबा," आई म्हणाली. "ते काय आहे?"

"पेटी आहे. पहिल्यापासून आहे."

"पेटी कुठली? अहो, मशीन आहे ते. माझं मशीन."

होतं खरंच. चाक, पायाचं पॅडल, सुईखाली अडकवलेला निळा कपडा. आईला उजेड डावीकडून लागतो, म्हणून खिडकीच्या बरोबर उजव्या अंगाला ठेवलेलं. बाबा वर्षभर त्याला वळसा घालून जात होते.

फोन अजून चालूच होता. "उघडलं का हो, काकी?" बाईने विचारलं.

"उघडलं," आई म्हणाली. "छान बांधलंय हो घर."

बाबांनी माउसवरचा हात काढला. त्यांचे खांदे हलायला लागले. "त्याने नाही पाहिलं गं हे," ते म्हणाले. "असं त्याने एकदाही नाही पाहिलं. कार्ड मागत होता तो माझ्याकडे."

आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग फोन उचलून आतल्या खोलीत जाता जाता तिने त्या बाईला विचारलं, "मी मधूनमधून केला तर चालेल ना? आता बोलेन मी."