चार कुलपं आणि भरलेले डबे

एलिव्हेटरच्या मेन स्विचवर चार कुलपं होती. एक फिटर महारुद्रमामांचं, एक वायरमन सोमेशचं, एक हमाल लिंबाजीचं आणि चौथं, सगळ्यांत मोठं, नीरजाचं. मशीनमध्ये हात घालायचं काम तिला नव्हतंच. पण नियम तिनं आणलेला, आणि त्यात आपलंच कुलूप नाही म्हटल्यावर तिला जेवण गेलं नसतं.

फिजिक्सची पदवी घेऊन धाराशिवच्या त्या डाळ मिलमध्ये सुरक्षा बघायला आलेली ती पहिलीच. ज्याला मशीनमध्ये हात घालायचा त्यानं स्विच बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. एवढं पटवण्यात तिचा घसा बसला होता.

आज सकाळी मिल सुरू करतानाच पट्ट्यावरच्या डब्यांतून तूर वर नेणारा एलिव्हेटर अडला. खालच्या पुलीत पोत्याचा तुकडा जाऊन बसला होता. महारुद्रमामा पुलीजवळची पत्र्याची खिडकी उघडून बाही सारत खाली बसले.

"घालू का हात मॅडम? का अजून एक कुलूप माज्या मनगटाला लावता?"

सोमेश खिदळला. नीरजानं स्टार्टचं बटण दाबलं. मोटर ढिम्म. मीटर लावला, शून्य.

"बघा मामा, यात आता ताकदच उरली नाही."

इथंच थांबली तर ती नीरजा कसली. मामांचा हात कोपरापर्यंत आत गेला तरी हिचं चालूच. "आणि ताकद काही विजेचीच असते असं नाही हां. माळ्यावर भरलेली घागर ठेवा, तिच्यातही..." माळा दाखवायला तिनं बोट वर केलं, आणि बोटामागून नजर वर गेली.

वर तीस फुटांपर्यंत, पत्र्याआड, पट्ट्यावरचे डबे तुरीनं काठोकाठ भरलेले. घरातली कणगी रिकामी ठेवत नाहीत, तसे मिल बंद करताना डबे रिकामे ठेवायचे नाहीत, ही मालक नारायणरावांची रीत. नीरजाला ती इतकी आवडली होती की तिनं फोनवर आईला कौतुकानं सांगितली होती. आता ती सगळी घागर त्या पोत्याच्या तुकड्यानं तोलून धरली होती, आणि मामा तोच ओढत होते.

आत्ताच तर आपण शून्य म्हणून मिरवलो. सोमेश दिवाळीपर्यंत चिडवणार. तिच्या डोक्यात आधी हे आलं. मामांचा हात दुसऱ्या नंबरला.

"मामा, हात काढा! आधी काढा!"

"का वो? शून्य हाय म्हनला न्हवं?"

"चुकले मी. वीज शून्य आहे. पोतं सुटलं की वरची तूर पट्टा उलटा ओढत खाली आणेल."

मामांनी वर बघितलं. हात बाहेर आला.

"मग हे कुलपं लावायच्या आधी का न्हाय सुचलं?"

"कुलपं लावण्यातच रमले होते."

"लई शिकलं की असं व्हतंय," सोमेश म्हणाला. दिवाळीची वाटही त्यानं पाहिली नाही.

मग पोत्यात लांब आकडी अडकवून तिला दोर बांधला. खालच्या पुलीचा दांडा बाहेर येतो तिथं नीरजानं खडूनं खूण केली आणि समोर मोबाइल उभा केला. सगळे लांब सरकले. लिंबाजीनं दोर ओढला. पोतं निघालं, पत्रा धडधडला, खिडकीतून तूर उसळली.

धूळ बसल्यावर त्यांनी मोबाइलवरचं चित्रण सावकाश लावून फेरे मोजले. वीज शून्य असूनही दांडा उलटा पावणेतीन फेरे फिरला होता.