फिरतीच्या बदल्यात

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी आणि फिरती. 'जुनी' हा शब्द मला वयाने दिला. 'फिरती' हा मात्र जन्माचाच, आणि त्या एका शब्दापायी एका चांगल्या मुलाची ऐन उमेदीची वर्षे माझ्यावर बसून गेली. त्याचे नाव वीरेश. माझी कहाणी सांगायची तर त्याचीच सांगावी लागते, कारण एरवी माझ्यात सांगण्यासारखे आहे काय? एक बैठक, एक पाठ, चाकाचे चार पाय आणि मधोमध एक जाडजूड स्क्रू.

तेवढा स्क्रू मात्र नीट समजून घ्या. हल्लीच्या खुर्च्या दांडी ओढली की फुस्स करून वरखाली होतात. आमच्या वेळी ही ऐट नव्हती. माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये, पंच्याण्णव सालाच्या आसपास. तिथे लेथवर माझ्या स्क्रूला आटे पाडले. बसणारा डावीकडे फिरला की मी आट्याआट्याने वर चढत असे, उजवीकडे फिरला की खाली उतरत असे. डावीकडे जाल तेवढे उजवीकडे परत या, म्हणजे काही बिघडत नाही. पण कुणी सदाच डावीकडे फिरत राहिला, तर आटे संपतात आणि बैठक सुटून हातात येते. हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणाच्या लक्षात राहत नाही.

शाहूपुरीत पहिल्या मजल्यावर सयाजीरावांचे ऑफिस होते. कारखान्यांच्या शेडचे नकाशे करून देणे हा त्यांचा धंदा. त्यांनी पेपरात जाहिरात दिली होती : सिव्हिल इंजिनिअर पाहिजे, फिरतीची तयारी असावी. ती जाहिरात वाचूनच वीरेश आला होता. तो कबनूरचा. घरात पॉवरलूमचे माग. बाप चन्नाप्पा आणि आई शांतव्वा यांनी त्या खटखटीतच त्याला वाढवले आणि शिकवले. मागाचा धोटा दिवसभर पळतो, पण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच. वीरेशला लहानपणापासून त्या धोट्याची दया यायची. आपण असे पळायचे नाही, लांब जायचे, डोंगरात रस्ते आखायचे, असे त्याच्या मनात होते. फिरतीची नोकरी म्हणजे त्याला देवच पावला.

पण त्याचा हात फार चांगला निघाला आणि तिथेच घात झाला. त्याने काढलेली रेघ बघून गिऱ्हाईक खूश व्हायचे. मग सयाजीराव स्वतः जीप घेऊन साइटवर जायचे आणि वीरेश टेबलाशी. गावे बदलायची, मालकांची नावे बदलायची, शेड मात्र तीच. शेवटी एक दिवस त्याने धीर करून विचारले, "साहेब, माझी फिरती?"

सयाजीराव मनाने वाईट नव्हते, फक्त आवाजाने आणि विनोदाने मोठे होते. आठवड्याच्या आत त्यांनी मला जिना चढवून आणले, त्याच्या टेबलामागे ठेवले आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असे ओरडले, "तुला फिरती पायजे हुती न्हवं? घे की ही फिरती! बस आनि किती फिरायचं तितकं फिर!"

सगळे खो खो हसले. वीरेशही हसला. मित्रांनो, मी अशी आले. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला खुर्ची बक्षीस म्हणून येते. मी फिरतीच्या बदल्यात आले.

तरी सुरुवातीला माझी चैनच होती. माझे तपकिरी रेक्झिन नवे कोरे. येणारे गिऱ्हाईक म्हणायचे, "पोरगा वर चढला की!" वीरेश मला रोज सकाळी फडक्याने पुसायचा. पण तो एकटा होता, आणि तो किती एकटा आहे हे माझ्याइतके कुणाला कळणार? दुपारी बाकीची मंडळी मटणाच्या खानावळीत जायची. हा शाकाहारी, म्हणून मागे राहायचा आणि शांतव्वाने एसटीतून पाठवलेली भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी खायचा. संध्याकाळी सगळे घरी गेले तरी तो उठायचा नाही, कारण भाड्याच्या खोलीवर त्याची वाट बघणारे कुणी नव्हते. मग पायाने जमीन ढकलत तो हळूहळू फिरायचा. डावीकडे, नेहमी डावीकडेच, कारण डाव्या अंगाला खिडकी होती. फिरताना हलक्या आवाजात हिमालयातल्या गावांची नावे घ्यायचा. जोशीमठ. केलांग. तवांग. मला त्या गावांतले काही कळत नव्हते, पण नाव घेताना त्याचे अंग हलके व्हायचे, तेवढे मला कळायचे. मीही त्याच्याबरोबर केसभर वर चढायचे. खाली कुणी आणायचेच नाही.

त्याच ऑफिसात स्नेहल होती. तीही इंजिनिअर, तीही शेडला कंटाळलेली. तिच्या नशिबी साधी लाकडी खुर्ची, म्हणून असेल, पण ती वेळेत उठली. हिमाचलात रस्त्याच्या सर्व्हेचे काम करणाऱ्या कंपनीत तिने नोकरी धरली. घरचे रुसले, सयाजीराव चिडले. जायच्या दिवशी ती वीरेशच्या टेबलाशी आली आणि कोल्हापूरच्या मुलींच्या पद्धतीने म्हणाली, "मी चाललो बघ. तू काय करनार हाईस?"

"बघू की."

"नुस्ता फिरत बसतोयस वीरेश. जात कुठंच न्हाईस."

ती गेली. त्या दिवशी तो नावे न घेताच फिरत राहिला. मला वाईट वाटले, पण खरे सांगते, आतून बरेही वाटले. तो गेला असता तर माझे कोण होते?

दिवस असेच गेले. मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. सोमवारी स्नेहलचा फोन आला. तिच्या कंपनीत एक जागा रिकामी होती, शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचे होते. हे सयाजीरावांच्या कानावर गेले, तसे ते म्हणाले, "येडा हाईस का? तुला काचेची केबिन करून देतो. तिकडं बर्फात काय पुरलंय?" आणि शनिवारी सकाळी शांतव्वा हुपरीच्या पाहुण्यांना घेऊन थेट ऑफिसात आली. पाहुणे चांदीचे पैंजण करणारे, खाऊनपिऊन सुखी. त्यांची सौंदर्या नावाची मुलगी लग्नाची होती आणि मुलगी दाखवण्याआधी त्यांना मुलाची नोकरी डोळ्यांनी बघायची होती.

चहा आला. वीरेश माझ्यावर बसला होता आणि नकळत पायाने ढकलत होता. डावीकडे. एव्हाना मी इतकी वर चढले होते की त्याच्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या. माझ्या पोटात शेवटचा आटा तेवढा उरला होता. मी करकरून सांगत होते, पण खुर्चीचे करकरणे कोण मनावर घेतो?

पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. "एक इचारतो. नोकरी फिरतीची तर न्हाय न्हवं? जावाई गावोगाव हिंडाय लागला तर पोरगी एकटी पडती. तसलं आमाला नको."

शांतव्वा हसली. लेकाचा अभिमान तिच्या तोंडावर मावत नव्हता. "छे हो पावणं! नोकरी एका जाग्याची हाय. फिरती हाय ती नुस्ती खुर्ची!"

सगळे ऑफिस हसले. सयाजीराव तर मांडीवर थाप मारून हसले. वीरेशने आईकडे पाहिले, मग खिडकीकडे वळला, आणि माझा शेवटचा आटा सुटला. बैठकीसकट तो धाडकन फरशीवर आदळला.

लागले फारसे नाही. पण तो उठेना. बैठक तशीच अंगाखाली घेऊन बसून राहिला. हसणे हळूहळू थांबले.

"अव्वा," तो म्हणाला, "मला खरंच फिरती पायजे हुती."

शांतव्वाला आधी कळलेच नाही. कळले तशी ती चिडली. "आरं, खुर्ची मोडली म्हून कोन घर सोडतंय व्हय?"

"मोडली न्हाय अव्वा. आटं संपलं."

पाहुणे उठून गेले. शांतव्वा पदराने डोळे पुसत जिना उतरली. त्याने मात्र फोन फिरवला आणि स्नेहलला हो म्हणून सांगितले. नंतर त्याने माझे आटे फडक्याने साफ केले, ग्रीस लावले, बैठक बसवली आणि उजवीकडे फिरवत मला पार तळापर्यंत खाली आणले. इतक्या वर्षांनी माझ्या जिवाला स्वस्थता आली आणि त्याच घडीला तो गेला.

घरातून निघताना तो आईला "येतो" म्हणाला होता. आपल्याकडे जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. पण शांतव्वाने तो शब्द खरा धरून ठेवला.

पुढचे माझे दिवस लवकर सांगते. ऑफिसात कॉम्प्युटर आले, मग फुस्स करणाऱ्या खुर्च्या आल्या. मला मागच्या गॅलरीत टाकले. पावसाने रेक्झिन फाटले, एक चाक गेले, कुणी माझ्यावर रद्दी रचली. माणूस बसत नाही त्या खुर्चीला खुर्ची तरी का म्हणावे, असे मला वाटू लागले.

काही वर्षांनी शांतव्वा शाहूपुरीत खरेदीला आली आणि का कोण जाणे, तो जिना चढली. लेक कुठे बसत होता ते तिला बघायचे होते. मी गॅलरीत दिसले तशी ती सयाजीरावांना म्हणाली, "ही आमच्या पोराची हाय." ते खाली बघत म्हणाले, "न्या की अक्का." सुताच्या टेंपोत बाचक्यांच्या मधे बसून मी कबनूरला गेले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती एकुलती एक फिरती.

आता मी त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत असते, फोनच्या शेजारी. चन्नाप्पा मागांपाशी असतो, त्याला खटखटीत दुसरे काही ऐकू येत नाही. शांतव्वा माझ्यावर बसते. रविवारी वीरेशचा फोन यायचा आणि ती पहिले वाक्य तेच म्हणायची, "कवा येनार?" तो म्हणायचा, "बघतो." मग "जेवलास का?" मग फोन ठेवला जायचा. हळूहळू फोन दर रविवारी येईनासा झाला. दोघेही एकटे, आणि मधे एवढी लांब तार.

एका रविवारी ती फोनची वाट बघत बसली होती. बसल्या बसल्या तिने पायाने जमीन ढकलली. डावीकडे. मी करकरले. ती दचकली, मग पुन्हा फिरली. आणखी एकदा. तिची पावले जमिनीवरून उचलली गेली. "आसा फिरत हुता व्हय माझा लेक," ती स्वतःशीच म्हणाली, "आनि मी एकदा सुदीक इचारलं न्हाय."

फोन वाजला.

"तम्मा," ती त्याच्या लहानपणीच्या लाडक्या हाकेने म्हणाली, "आता कुठं हाईस?"

"काय म्हनालीस अव्वा?"

"कुठं हाईस म्हनलं. तितनं काय दिसतंय? आनि फुडं कुठं जायचं हाय तुला?"

त्याचा आवाज आला. "अव्वा, हे मला आजवर कुनीच इचारलं न्हाय गं." आणि तो सांगू लागला. नदी सांगितली, तिच्या वरचा रस्ता सांगितला, तंबूत एकट्याने भाकरी थापायचा प्रयत्न सांगितला. मध्येच मी ओळखीचे नाव ऐकले. केलांग. शांतव्वाला काही कळत नव्हते, पण ती व्हय, व्हय म्हणत ऐकत होती. कवा येनार हे ती त्या दिवशी विचारायची विसरली. फोन ठेवताना तोच म्हणाला, "दिवाळीला येतो."

ती उजवीकडे फिरली आणि पाय जमिनीला टेकल्यावर उठली.

तर मित्रांनो, घरातल्या खुर्चीला वर्षातून एकदा तेल द्या, पावसात टाकू नका, एवढे मी मागतेच. पण तुमच्या घरात, ऑफिसात कुणी एकाच जागी बसून एकाच अंगाला फिरताना दिसले, तर आटे संपायची वाट बघू नका. शेजारी जाऊन विचारा, कुठं जायचं आहे तुला? वीरेशच्या सगळ्यांत जवळ मी होते, आणि मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.